गिरणीवाल्या आबांची जीप

दुकानात आले की आबा आधी दोन्ही कोपरं काचेच्या काउंटरवर टेकायचे आणि म्हणायचे, "त्याले मी सोडस का?"

मग सामान मागायचे.

आमचं अमळनेरला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, काउंटरवर मी बसते. तुम्ही बसलात कधी अशा दुकानात तर कळेल, गिऱ्हाईक पार्टवरून लक्षात राहतं, हा क्लचवाला, तो रेडिएटरवाला. आबा सूडवाले! भुवयांवर पीठ, कोपरांना ग्रीस. जवळच्याच त्यांच्या गावात पिठाची गिरणी चालवायचे आणि गिरणीच्या मागे, बाभळीखाली, एक म्हातारी जीप उघडून बसायचे.

तर सूड कोणाचा? चुलतभावाचा. दोघांच्या घराची भिंत एक, वय एक, तंबाखूची डबीसुद्धा अर्धं आयुष्य एकच. एका श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला आबांची जीप नदीत फसली. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशात घरोघर बसते ती देवी, सगळी भाऊबंदकी मिळून तिला नदीवर पोचवते. एवढ्या सगळ्यांसमोर चाकं नुसती फिरतायत, आबा मागून ढकलतायत, तोंडभर चिखल. चुलतभावाने ट्रॅक्टर लावून जीप काढून दिली. इथवर ठीक होतं हो! पण त्याने आधी मोबाईल काढला. व्हिडिओत त्याचा आवाज स्पष्ट येतो, "दखा, गिरणीवाला पीठ मयी ऱ्हायना!"

पीठ मळतोय म्हणे! स्टेटसला टाकलं. संध्याकाळपर्यंत पार शिंदखेड्याच्या व्याह्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी गिरणीवर बायका दळण टेकवून विचारायला लागल्या, "आबा, मळून भी देता का?" पोरं तर गिरणीसमोरून जाताना पीठ मळल्यासारखे हात करून पळायची. तिसऱ्या दिवशी आबा आमच्या काउंटरवर.

"पोरी, जीपले चारी चाकं चालनारी करानी शे. त्याना ट्रॅक्टर मी वढसू. त्याच नदीमा. त्याच लोकंसमोर."

मी म्हटलं, आबा, ट्रॅक्टर फसायला तर पाहिजे. तर म्हणाले, "फसी. त्याले मिरवानी खोड शे."

मग सुरू झालं बघा! जीपचे पाटे, म्हणजे खालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसून सपाट झाले होते, तर आबांनी ट्रकचे पाटे कापून टाकले. जीप एवढी उंच आणि एवढी कडक झाली की अक्का, म्हणजे आबांची बायको, दळणाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि उतरल्या तेव्हा अर्धं पीठ अंगावर. "जीप शे का उखळ?" म्हणाल्या. आबा खूश! कडकच पाहिजे होती.

नंतर फोर बाय फोरचा गिअरबॉक्स. नंतर धुळ्याच्या भंगार बाजारातून पुढचा अॅक्सल, अख्खा, टेम्पोत घालून आणला. माझ्या पप्पांनी विचारलं, "आबा, पुढच्याचे आणि मागच्याचे दात जुळतात का बघितलं?" म्हणजे आतल्या गिअरचे दात, ते दोन्हीकडे सारखेच लागतात, नाहीतर पुढची चाकं एका चालीने जातात, मागची दुसऱ्या.

आबा उसळले. "भाऊ-भाऊना दात जुळत नहीत, लोखंडना काय लई बसना तू!"

बघितले नाहीत. बसवला. गावच्या डांबरी रस्त्यावर चारही चाकं जोडून निघाले आणि जीप कण्हायलाच लागली हो. वळेना, पुढे सरकेना, आणि मारुतीच्या पारासमोर धाडकन आवाज! शाफ्टचा क्रॉस, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, तुटला. पारावर कोण बसलेलं? चुलतभाऊ! या वेळी त्याने मोबाईलसुद्धा नाही काढला. नुसता म्हणाला, "ऱ्हाऊ दे भो, दळण दळ तू." आबा सांगायचे, त्या व्हिडिओपेक्षा ही दया जास्त लागली.

मग मागचे दात बदलायचं ठरलं. जुळणारे सापडले फैजपूरला, एका केळीवाल्याच्या मोडक्या जीपमध्ये. आबा एसटीने गेले आणि ते जड धूड पिठाच्या गोणीत गुंडाळून, शेजारच्या सीटवर बसवून आणलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, सामान खाली ठेवा." आबा म्हणाले, "त्याचंभी तिकीट फाड, पन त्याले उठवू नको."

पुढच्या श्रावणात मला मुद्दाम बोलावलं. "व्हिडिओ तू काढ. घरनास्ना हात हालतस."

मी गेले! कानबाई नदीवर पोचली, आरती झाली, बायकांची गाणी झाली. आणि चुलतभाऊ, खरंच मिरवायची खोड, ट्रॅक्टर धुवायला म्हणून पार पाण्यापर्यंत घेऊन गेला. मागची चाकं रुतली. रेस दिली, अजून रुतली. मी लगेच मोबाईल आबांकडे वळवला, शप्पथ!

आबा गेलेच नाहीत. बोनेटवर बसून फुटाणे खात होते. सगळी भाऊबंदकी एकदा ट्रॅक्टरकडे बघतेय, एकदा आबांकडे. शेवटी चुलतभाऊ गुडघाभर चिखलातून चालत आला आणि हळूच म्हणाला, "वढ रे भो."

"ऐकू नही उनं," आबा म्हणाले. "गिरणीमा कान गयात मन्हा."

"वढ म्हनस ना!" तो ओरडला. सगळ्या नदीने ऐकलं.

आबांनी साखळी लावली. जीप गुरगुरली, पाटे करकरले, चारही चाकांनी वाळू धरली आणि ट्रॅक्टर आला हो वर! मी नाचत होते. टाळ्या, शिट्ट्या. संपलं ना इथे?

नाही संपलं. आबा थांबलेच नाहीत. साखळी न सोडता ट्रॅक्टर ओढत गावात शिरले. पारावरून नेला, शाळेवरून नेला, बाजाराच्या गल्लीतून नेला. चुलतभाऊ स्टिअरिंग धरून ओरडतोय, "सोड, आरे सोड ना!" आणि आबा समोर बघून चालवतायत. मी मागे पळत व्हिडिओ काढत होते. त्याच्या घरासमोर साखळी सोडली तेव्हा त्याचं तोंड घामाने भिजलेलं होतं. तो उतरला, कोणाकडे न बघता आत गेला, पिशवी घेऊन बाहेर आला आणि धुळ्याला पोराकडे निघून गेला.

दुपारी पंगत बसली. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठभर धान्य त्यात धरलेलं असतं. मी बाहेरची, मला ओट्यावर साधी पोळी-भाजी. आत अक्का म्हणाल्या, "त्याना वाटाना रोट तसाच शे." आबा मान वर न करता जेवले. मी व्हिडिओ दाखवायला गेले तर म्हणाले, "मंग दखसू." स्टेटसला टाकलाच नाही त्यांनी.

पौर्णिमेच्या आत रोट संपवावे लागतात. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मला आबा अमळनेरच्या स्टँडवर दिसले. पांढरा शर्ट, कोपरं घासून घासून धुतलेली, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"कुठे आबा?"

"धुळाले. त्याना वाटाना रोट शे. दुसराले देता येत नही ना."

"जीप नाही आणली?"

"जीप लई गऊ ते तो म्हनी, मिरवाले उना."

बस लागली. मी विचारलं, "आणि त्यांनी दारच उघडलं नाही तर?"

आबांनी पायरीवर पाय ठेवला, फडकं छातीशी धरलं.

"मंग त्याना दारमा बसीसन मी खाई लिसू," म्हणाले. "आख्खी गल्ली दखी."

बस निघाली. खिडकीतून ते माझ्याकडे नाही, समोर बघत होते.