कवेलूची शाळा

डोंगरात शाळा बांधणाऱ्यांकडे एवढे किस्से कसे साठतात, असं बल्लारपूरच्या मैत्रिणी मला नेहमी विचारतात. सोपं आहे. आम्ही घाबरलेले असतो! घाबरलेल्या माणसाला सगळं आठवतं, अगदी कुठल्या वळणावर कोणता पक्षी ओरडला तेसुद्धा.

आम्ही तिघं. मी साइट इंजिनिअर, नागभीडचे देवाजीभाऊ मिस्त्री आणि चामोर्शीचे विलासभाऊ जीपवर. संस्थेचे सर नागपूरला बसतात. "शाळा पोचली की मागोमाग शांतता पोचते," हे त्यांचं भाषणातलं वाक्य. विलासभाऊ एकदा त्यांना तोंडावर म्हणाले, "मागून नको सर, तिले आमच्या पुढं पाठवा!"

गावाचं नाव मात्र विचारू नका. सांगायची सवय गेली आहे.

*

पहिल्या बैठकीत मी नकाशा उघडला. दोन खोल्या, व्हरांडा, वर स्लॅब. गावचे पाटील दोगेभाऊ बराच वेळ स्लॅबवरच बोट फिरवत राहिले.

"बाई, हे काढून टाका."

"का हो? पावसात गळणार नाही."

"गळू द्या. स्लॅबवर माणूस चढते. माणसामागं बंदूक चढते. मंग दुसरे येतेत न शाळाच उडवतेत!"

शेजारच्या डोंगरावर तसंच झालं होतं. पक्की शाळा बघून एकांनी तिथे मुक्काम ठोकला, म्हणून दुसऱ्यांनी ती उडवली. एक कोण आणि दुसरे कोण, हे आमच्याकडे कोणी मोठ्याने विचारत नाही.

रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन सरांना फोन लावला. सर वैतागले. देणगीदारांना फोटोत पक्की इमारत हवी होती. शेवटी दोगेभाऊच फोनकडे वाकून म्हणाले, "कवेलू टाका साहेब. कवेलूवर मांजर बी नीट चालत नाई."

स्लॅबऐवजी मातीची कौलं, म्हणजेच कवेलू ठरले.

*

विलासभाऊंचा नियम असा, की जंगलात जीप चोरासारखी न्यायची नाही. काचा खाली, टेप फुल्ल. "आपण लपून येऊन नाई राह्यलो, हे सगळ्याइले कळ्ळं पाह्यजे," ते म्हणतात.

एकदा टेप बंद पडला. विलासभाऊंनी स्वतःच गायला सुरुवात केली. भीतीने आवाज फाटलेला, सुराचा पत्ता नाही, पण थांबायची तयारी नाही. नाल्यापाशी झुडपातून दोघं जण उठले. खांद्यावर बंदुका. मी सीटला घट्ट धरून बसले. जीप थांबली, तरी यांचं गाणं सुरूच!

त्यातला एक खिडकीशी आला. "भाऊ, जायचं तर जा," तो म्हणाला, "पण गाऊ नका."

पुढे गाव येईपर्यंत आम्ही हूं की चूं केलं नाही.

*

जोतं ओलं होतं आणि गावातली डुकरं त्यावर लोळायची. देवाजीभाऊंनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरली आणि जोत्याभोवती छातीपर्यंत रचून टाकली. हात मुळात सफाईचा. एकावर एक पोतं आणि मध्ये आत-बाहेर करायला फट.

दुसऱ्या दिवशी कामावर एक माणूस नाही. गावात गेलो तर चुली थंड, दारं सताड उघडी, कोंबड्या तेवढ्या फिरताहेत. काय झालं असेल याचे नको ते विचार डोक्यात यायला लागले.

एका ओसरीवर राजेबाई सापडली. पाटलांची म्हातारी बहीण. गुडघे दुखत होते म्हणून तिला पळता आलं नव्हतं.

"कॅम्प कधी बसला?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"कुठला कॅम्प?"

तिने शाळेकडे हात केला. तिथून आम्ही आमचंच काम पाहिलं. हुबेहूब बंदूकवाल्यांच्या कॅम्पभोवतीचा पोत्यांचा आडोसा!

"बाप्पा!" देवाजीभाऊ मटकन बसले. "मी तं डुकराइसाठी केलतं!"

आम्ही तिघांनी मिळून पोती फोडली आणि रेती पसरली. डुकरं पुन्हा लोळायला लागली, तेव्हा कुठे गाव जंगलातून परत आलं.

*

नाक्यावर सामानाची तपासणी होते. एकदा देवाजीभाऊंच्या पिशवीतून ओळंबा निघाला. दोरीला बांधलेलं टोकदार पितळी वजन. कोवळा जवान दोन पावलं मागे सरला आणि त्याने बंदूक सरळ केली.

"क्या है ये?"

"ओ... ओळंबा, साहब. दीवार सीधी है का नाई, थे पाहाले."

जवानाला पटेना. "दिखाओ करके," म्हणाला. देवाजीभाऊंनी थरथरत्या हाताने नाक्याच्याच भिंतीला ओळंबा लावला. तो हलायचा थांबेना, कारण हातच थांबेना.

"कैसी है हमारी?"

"एकदम सीधी, साहब! अशी भिंत आपण पाह्यली नाई!"

गाडी पुढे गेल्यावर मी विचारलं, "खरंच सरळ होती?"

"कायची सरळ? चांगलीच झुकली आहे," देवाजीभाऊ म्हणाले. "पण मले घरी जायचं होतं ना मॅडम."

*

एके दिवशी साइटवर कोणीच बोलेना. एरवी बायांच्या हसण्याने डोंगर दुमदुमतो. त्या दिवशी फक्त घमेल्यांचा आवाज. माझ्या लक्षात आलं, की विटा वाहणाऱ्यांत एक चेहरा नवा आहे. उंच, शांत. विटा वाहता वाहता तो आमच्याकडे पाहत होता. सिमेंट किती, माणसं किती, कोण कोणाशी काय बोलतं, सगळं. मी दिवसभर पाणीसुद्धा प्यायले नाही.

संध्याकाळी तो मजुरी न घेता जंगलात निघून गेला. तशा बाया पुन्हा बोलायला लागल्या.

देवाजीभाऊ माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मॅडम, मानूस कामाचा होता हो. उद्या बी पाठवा म्हणावं!"

*

शाळा सुरू झाली. गुरुजी जीव तोडून शिकवत होते. पोरं घरी माडिया बोलणारी. अक्षरं भराभर शिकली, पण मराठीत पूर्ण वाक्य बोलायला तयार नाहीत. "एका सुरात तं कधीच नाई," गुरुजी कपाळाला हात लावायचे.

त्या दुपारी मी आणि देवाजीभाऊ दाराच्या बिजागऱ्या बसवत होतो. जंगलातून बंदूकवाले आले. बाकीचे बाहेर उभे राहिले आणि त्यांचा म्होरक्या आत आला. भिंती पाहिल्या, कवेलू पाहिले. खूप वेळ पाहिले. शाळा राहणार की जाणार, ते आता ठरत होतं.

त्याने खडू उचलला, पुढच्या पोरीच्या हातात दिला आणि माडियात काहीतरी सांगितलं.

"नाव लिहाले सांगून राह्यला," गुरुजी ओठ न हलवता म्हणाले. "त्याचं सोताचं. घरचं."

बंदूकवाल्यांबरोबर जंगलात गेल्यावर प्रत्येकाला दुसरं नाव मिळतं. घरचं नाव बाहेर फुटलं तर त्याचा जीव धोक्यात, आणि ज्यांना ते माहीत झालं त्यांचाही. पोरगी मात्र एकेक अक्षर जोडत लिहीत गेली. अख्खा वर्ग ओठ हलवत वाचत होता.

तो फळ्यापुढे उभा राहिला. मग तळहाताने नाव पुसलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. फळ्यावर तळहाताचा पांढरा फराटा तसाच होता. त्याला हात लावायची आमची कोणाची हिंमत झाली नव्हती.

"इथं काय लिहिलं होतं?" साहेबांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी खडू गोळा करायला लागले. मला विचारलं. मी बिजागरीचा स्क्रू पिळायला घेतला.

मग साहेब खाली वाकले आणि अगदी मायेने पोरांना म्हणाले, "तुम्ही सांगा बाळांनो. काल फळ्यावर काय होतं?"

सगळी पोरं उठून उभी राहिली. आणि एका सुरात, स्वच्छ मराठीत म्हणाली,

"फळ्यावर काहीच नव्हतं, साहेब!"