शतपावलीमागचा ट्रक

मी मूळची कराडची, आता परदेशात राहणारी. कुणावर चटकन विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. नवऱ्याला सस्काटूनजवळच्या खाणीत नोकरी लागली आणि व्हिटबी शहरातला फ्लॅट सोडून आम्ही एका खेड्यात घर घेतलं. खेडं म्हणजे एक चर्च, एक पेट्रोल पंप, एक ग्रोसरीचं दुकान आणि नजर जाईल तिथवर शेतं.

इथली माणसं मला पहिल्या दिवसापासून खटकली. ओळख ना पाळख, समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून बोट उचलून राम राम करणार. घरांना कुलूप नाही. एका सकाळी दारात झुकिनी नावाच्या काकडीसारख्या भाजीनं भरलेली पिशवी ठेवून कुणीतरी निघून गेलेलं. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ती सरळ टाकून दिली. फुकट कोण कशाला देईल? नवरा म्हणाला, तू पोलीस खात्यात जायला हवी होतीस. म्हटलं, गेले असते तर तुझ्यासारख्या भोळसट माणसांची तरी सोय झाली असती.

आई गेल्यावर बाबांना इकडे आणलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. कराडला त्यांच्याकडे बघायला कुणीच उरलं नव्हतं, पण ते यायला तयार नव्हते. शेवटी आले ते एका अटीवर. रात्रीचं जेवण झालं की आपण शतपावलीला जाणार, एकट्यानं, आणि कुणी अडवलं तर पुढच्या विमानानं परत. हे ते गंमत म्हणून बोलत नव्हते. त्यामुळे त्यांचं ते फिरणं मी जपायची. ते बिनसलं तर बाबा जातील आणि तिकडे बंद घरात एकटे राहतील, हे मला ठाऊक होतं.

शतपावली आपली नावाला. घरासमोरचा खडीचा रस्ता धरून ते सरळ फाट्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. उन्हाळ्यात इथे जेवणं झाली तरी लख्ख ऊन असतं, त्यामुळे भांडी घासून होईपर्यंत मी खिडकीतून त्यांना जाताना बघत असायची; ते परत येईपर्यंत मी आतल्या कामाला लागलेली असायची. इथे पायी कुणीच चालत नाही. समोरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंतसुद्धा गाडीनं जातात. त्या रिकाम्या रस्त्यावर स्वेटर घातलेला, हात पाठीमागे बांधून चालणारा म्हातारा मैलभरावरून उठून दिसायचा.

मग तो ट्रक दिसायला लागला. पांढरा, धुळीनं माखलेला पिकअप. बाबा चालायला लागले की थोड्या वेळानं मागून यायचा, आणि पुढे निघून जायचा म्हणता? अजिबात नाही. बाबांच्या मागे अंतर ठेवून, बैलगाडीच्या चालीनं. पहिल्यांदा म्हटलं योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी हातातलं पातेलं खाली ठेवून आत कोण आहे ते नीट बघितलं.

चालवणारा आमच्यापलीकडच्या शेताचा मालक होता. साठीचा, टोपीवाला, बायको वारलेली, एकटाच राहणारा. एवढी माहिती मी ग्रोसरीच्या दुकानातून काढली. दुकानातली बाई म्हणाली, फार चांगला माणूस आहे. चांगल्या माणसाला दुसऱ्याच्या बापाच्या मागे फिरायचं काय कारण? आपल्या रंगाची माणसं इथे आम्हीच. म्हाताऱ्याला घाबरवायचं, मग हे लोक आपणहून जातील, असा हिशेब असणार. नवरा म्हणाला, अगं, विचार तरी त्याला. नवरा स्वतः खाणीतल्या पाळ्यांवर असायचा, त्याला बोलायला काय जातं.

बाबांना विचारलं तर म्हणाले, कुठला ट्रक? मी म्हटलं, उद्यापासून मीही येते. तर चिडलेच. माझी चाल वेगळी, तू मध्ये येऊ नकोस, म्हणाले. आणि वर, मस्त होतं इथलं फिरणं. मला वाटलं, बिचारे घाबरलेत आणि मला सांगत नाहीत. झालं, माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी भांडी तशीच टाकली. गराजमधलं बर्फ उपसायचं फावडं उचललं आणि रस्त्याच्या कडेच्या गवतातून मागे निघाले. फाट्याजवळ पोहोचते तर काय, ट्रक आता बाबांच्या पुढे होता. हळूहळू चालला होता, आणि बाबा मुकाट्यानं त्याच्या मागून येत होते. हा माझ्या बापाला कुठेतरी घेऊन चाललाय! माझं डोकंच फिरलं. मी धावत जाऊन ट्रकपुढे उभी राहिले आणि मराठीत, इंग्रजीत, जे तोंडाला येईल ते बोलले. एका हातात फावडं, दुसऱ्या हातानं बाबांचा दंड धरलेला.

तो खाली उतरला. टोपी काढली. माझं संपेपर्यंत थांबला. मग सावकाश सांगायला लागला. फाट्यावर चारी रस्ते सारखेच दिसतात. काही आठवड्यांपूर्वी त्याला बाबा तिथे उभे दिसले. तो जाताना दिसले होते, तो परत येताना पुन्हा तिथेच. घर कुठल्या बाजूला, ते त्यांना आठवत नव्हतं. गाडीत बसा म्हटलं तर बसेनात. मग त्यांनीच हातानं खूण केली, तू पुढे चल, मी मागून येतो. तेव्हापासून जाताना ट्रक मागे, परतताना पुढे, हे असंच चाललंय.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," तो म्हणाला.

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता या माणसाला खोटं पाडतील. आयुष्यभर कालव्यांचे नकाशे वाचलेला माणूस, रस्ता चुकेल? एका सरळ रस्त्यावर? पण ते बुटांकडे बघत उभे राहिले. फिरायला जाऊन येणारे, मस्त झालं म्हणणारे, ट्रक दिसलाच नाही म्हणणारे माझे बाबा. मी साऱ्या गावावर नजर ठेवून होते आणि माझ्याच घरातलं मला दिसलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू मला सोडलं नसतंस," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं, असं कसं म्हणता, असं म्हणायला. त्यांचा दंड अजून माझ्या मुठीत होता, घट्ट. बाबांनी दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून सोडवली, त्या माणसाला पुढे चल म्हणून खूण केली, आणि ट्रकच्या मागे चालायला लागले.