बाळंतिणीच्या ताटातला पाला

शेवग्याचा पाला परतल्याचा वास आला की चामोर्शीचं सासर आठवतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर दिवस मावळला की मला दिसेनासं व्हायचं. एकदा तान्ह्या लेकराला घेऊनच उंबऱ्याला अडखळले. नर्सबाई म्हणाल्या, "डोळ्याले जीवनसत्त्व पाह्यजे. पिकली पपई खा, नाई त परसातल्या शेवग्याचा हा पाला. पाल्यात ते पपईपेक्षा जास्त राह्यते." सासू कडाडली, "बाळंतिणीले पाला? लेकराचं पोट बिघडन!" मी परसातली फांदी मोडली, तिच्यासमोरच भाजी परतली. "बाई, माय आंधळी झाली त लेकराले पाहीन कोन?" असं सासूलाच म्हटलं आणि सगळी खाल्ली. ज्याचं पोट बिघडणार होतं, तो लेक आता आजोबा झालाय. काल आपल्या बाळंतीण सुनेच्या ताटाकडे बघून तोच म्हणाला, "पाला?" मी तिला आणखी वाढला.