सात वाजताचा आवाज

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा मला निरोप द्यायला खाली उतरलेच नाहीत. ते पत्र्यावर चढून टीव्हीचा अँटेना फिरवत होते. माढ्याजवळचं आमचं गाव, एसटी फाट्यावर यायची वेळ झालेली, आई माझी पिशवी धरून दारात उभी, आणि वरून आबा विचारतायत, "आलं का?" मी पडद्यावरच्या मुंग्या बघून ओरडले, "आलं, आलं... गेलं." सोलापूरला शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली होती, घरातून बाहेर पडणारी मी पहिलीच. लेक निघाली की बापाला एखादं काम काढून बसावंच लागतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. मी फुरंगटून फाट्याकडे चालू लागले.

त्याला आता सोळा वर्षं झाली. लग्न होऊन सोलापुरातच, शुक्रवार पेठेत राहिले. सासूबाई अर्धं कानडीत बोलतात, मीही भाजी घेताना 'पुरे'ऐवजी सहज 'साकु' म्हणून जाते. तुम्ही जे गावी राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही शहरात वायफाय लावून सुखात आहोत. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना ठाऊक आहे की गावाकडचा नंबर अवेळी दिसला की छातीत धस्स होतं. मी तर मुळातच काळजीखोर. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

आई गेल्यावर आबा एकटे राहू लागले, आणि माझी काळजी पूर्णवेळ झाली. दर फोनला मी म्हणायचे, "आबा, सोलापूरला चला." ते म्हणायचे, "व्हय, येतो की." आले मात्र कधीच नाहीत. एकदा तर कहर झाला. शाळेतली माझी नोकरी गेली, मी रडत फोन केला, आणि सगळं ऐकून आबा म्हणाले, "बरं झालं की." मी आठ दिवस फोन केला नाही.

त्या दिवसांत आधार होता शेजारच्या शेवंताकाकूंचा. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. आबांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून सकाळी सातच्या बातम्या ते एवढ्या मोठ्यानं लावत की काकूंच्या मांडणीवरची भांडी थरथरत. काकूंनीच मला सांगून ठेवलं होतं, "सात वाजता टीवी वरडला की समजायचं आबा बरं हायती. न्हाय वरडला तर मी फोन करते की." फोन आला नाही, की माझा चहा घशाखाली उतरायचा.

मग उसाचा हंगाम आला. आमच्याकडे केबलची तार रस्त्यावरून आडवी जाते, आणि उसाच्या ट्रॉल्या बिनदिक्कत घराएवढ्या भरतात. तार तुटली की टीव्ही गप्प. सात वाजून पाच मिनिटांनी काकूंचा फोन, माझ्या हातातून कप खाली, आणि शेवटी कळायचं की ट्रॉली तार घेऊन गेली. महिन्यात हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा माझंच काहीतरी व्हायचं, म्हणून मी ठरवलं, टीव्हीचा पक्का बंदोबस्त करायचा.

हे काम सोपं असेल असं वाटलं होतं. दुकानात गेले. आबांचं म्हणणं, पूर्वीसारखा अँटेना लावावा. दुकानदार म्हणाला, ताई, त्याचं प्रसारण कधीच बंद झालं. हे मीही ऐकून होते, दिवाळीला गेले तेव्हा आबांना सांगितलंही होतं, पण ते म्हणाले होते, "टावर तर तितंच उबा हाय की." डिशची छत्री बसवावी, तर माझ्या नव्या ऑफिसातल्या बाईंनी भीती घातली, दाट ढग आले की चित्र जातं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. वायफायवर चालणारा टीव्ही घ्यावा, तर गावात वीज आणि रेंज एकमेकींची वाट बघत बसतात. मी आठवडाभर प्रत्येकाला विचारत होते. नवरा म्हणाला, "अगं, टीव्ही घेतेयस की जावई शोधतेयस?" त्याला कसं सांगणार, की मला चित्र नकोच होतं, मला सात वाजता आवाज हवा होता.

शेवटी छत्रीवर शिक्का मारला. ढगांचे दिवस मोजके, ट्रॉल्या पाच महिने. आणि घेतेच आहे तर एचडी घेऊ म्हटलं, आबांची नजर अजून शाबूत आहे. माणूस जाऊन पत्र्यावर छत्री बसवून आला. आबा फोनवर म्हणाले, "लई भारी." दोन दिवस भिंतीपलीकडे काकूंना आवाज पोचला. मी खूष.

तिसऱ्या दिवशी सव्वासातला काकूंचा फोन. "रेखा, आवाज न्हाय गं. दार आतनं लावलंय. कडी वाजवली, हाका मारल्या, उगडत न्हाईत." मी आबांना फोन लावला. वाजून वाजून बंद. छत्री, ढग, वीज, काही आठवलं नाही. आहे त्या साडीवर एसटी स्टँड गाठलं आणि मिळेल ती गाडी पकडली. खिडकीबाहेर काय गेलं ते मला सांगता येणार नाही. मी एकच म्हणत होते, त्यांना ओढत आणायला हवं होतं.

मोहोळच्या अलीकडे पुन्हा फोन वाजला. उचलायचं धाडस होईना. काकू म्हणाल्या, "आता दार उगडून तांब्या घेऊन भाईर आलते. बरं हायती. टीवी बी चालू हाय, आवाज बंद करून बसल्यात." मला रडूही आलं आणि रागही. परत फिरता आलं असतं, पण नाही फिरले.

घरी पोचले तेव्हा दार उघडं होतं. आबा पाठमोरे, पडद्याच्या अगदी जवळ बसलेले. बातम्या चालू, आवाज शून्य. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ओरडले. त्यांनी मान वळवली नाही. ते खाली सरकणारी अक्षरं बोट फिरवत वाचत होते.

मी पुढ्यात जाऊन बसले तेव्हा ते दचकले, मग चोरी पकडल्यासारखे हसले. "आदी अक्षरं दिसत नव्हती," म्हणाले, "म्हनून आवाज मोटा ठिवायचो. नुसतं कायतरी चाललंय एवडं कळायचं. आता समदं वाचाय येतंय. मग शेवंताला कशाला तरास?"

"आणि फोनवर?"

माझ्या ओठांवरून त्यांनी प्रश्न वाचला. "दोन वर्सं झाली असतील. तू बोलायची थांबलीस की मी व्हय म्हनायचो. कदी बरं झालं म्हनायचो. लेक काळजी करंल, आन मला हितनं न्हेईल."

ज्या 'बरं झालं'वर मी आठ दिवस रुसले, ते त्यांनी अंदाजानं टाकलं होतं. एवढं वाईट मला कशाचंच वाटलं नाही. मग मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आबा. सोलापूरला चला." पहिल्यांदाच त्यांनी ते ऐकलं, म्हणजे पाहिलं.

"न्हाय, बाई. हितल्या मानसांची तोंडं मला पाट हायती. शेवंता काय बोलनार ते तिनं तोंड उगडायच्या आदी कळतंय. तितं कुनाकुनाचं तोंड वाचू?"

मला वाटत होतं, ते शेताला आणि घराला चिकटून आहेत. कानाच्या डॉक्टरांकडे ते एकदा आले, यंत्र मिळालं, अर्धंमुर्धं ऐकू येतं म्हणतात. मी त्यावर विसंबत नाही. आता सकाळी सातला मी व्हिडिओ कॉल करते, गॅलरीत उजेडाकडे तोंड करून, हळू बोलते. रेंज गेली की त्यांचं चित्र थिजतं आणि माझा जीव अजूनही वरखाली होतो.

परवा घरात कडाक्याचं भांडण झालं होतं. सकाळी तोंड धुऊन, केस नीट करून मी रोजच्यासारखी फोनपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "सगळं बरं आहे, आबा." ते पडद्याच्या जवळ आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"न्हाय," म्हणाले. "रडलीस तू. काय झालं, सांग. सावकाश सांग."

सोळा वर्षं फोनवर माझं 'सगळं बरं आहे' गावात, नात्यात, सगळीकडे बिनबोभाट खपत आलं. घर कुठलं, असं मला आता कुणी विचारलं, तर मी म्हणेन, जिथं ते खपत नाही ते.