कोणती काकी?

मुलाला घरी धोका किती, हे मोजणारा फॉर्म आमच्या बालसंरक्षणाच्या कचेरीत नवा आला, तेव्हा त्या फॉर्मचीच परीक्षा घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आणि माझी सहकारी वेगवेगळ्या दिवशी एकाच घरी जायचो, फॉर्म भरायचो आणि बेरीज जुळते का पाहायचो. लाल आलं तर मुलं संस्थेत, हिरवं आलं तर फाईल बंद. अशा बेरजेवर कुणाच्या घराचा निकाल लावायचा, याचा मला पहिल्या दिवसापासून राग होता.

पाथर्डीकडची ती वस्ती दिवाळीनंतर ओस पडलेली. भर दुपारी दारोदार कुलपं, कोंबडंसुद्धा दिसेना. एकच दार उघडं होतं. आईबाप श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेलेले, मागं बारा वर्षांची मुलगी आणि तिची तीन वर्षांची बहीण. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत थोरली म्हणाली, "काकी असती ना आमच्याजवळ." काकी कोपऱ्यात बसून सुईत दोरा ओवत होती. चष्म्याशिवाय, एका झटक्यात ओवला. निघताना थोरलीनं हळूच विचारलं, "म्याडम, संस्थेत धाकटीला येगळं ठिवत्यात, व्हय?" लहानग्यांची संस्था वेगळी असते. मी हो म्हणाले आणि हिरवं लिहून सुटले.

आठवड्यानं दोघींचे फॉर्म शेजारी ठेवले, तर तंतोतंत जुळले. साहेब खूश. चहा पिताना सहकारी सहज म्हणाली, "काकी बिचारी दोन्ही डोळ्यांनी आंधळी, तरी पोरी सांभाळते." मला सुईत एका झटक्यात ओवलेला तो दोरा आठवला. काकी आंधळी की डोळस, हे विचारणारी चौकट फॉर्मात नव्हती.

त्याच दुपारी आम्ही दोघी मिळून गेलो. थोरली दारात आली आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"दोघी एकदम आलात? मंग कोनती काकी बोलवू?"

चहात साखर किती टाकू, असं विचारावं तशा आवाजात. कचेरीतून कुणी येणार असं कळलं की पलीकडच्या वस्तीवर राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालातरी ती आणून बसवायची. सोबत राहायला कुणीच नव्हतं.

मी नवा फॉर्म काढला. 'सांभाळणारी प्रौढ व्यक्ती' या ओळीवर पेन टेकताच तिनं माझं मनगट धरलं. "मी हाय की, म्याडम."

मला रडू येत होतं, तरी मी 'नाही' लिहिलं. बेरीज लाल आली.

तिनं मनगट सोडलं. मग आत गेली आणि धाकटीचे ठेवणीतले कपडे काढून आणले.