नागीण आणि पगारवाढ

तांजोंग पगार या भागातल्या ऑफिसात मी अकाउंट्स सांभाळायचे. जोडीची सहकारी बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही. तिचं काम तात्पुरतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं आणि दीड वर्ष तिथंच राहिलं. साहेब माझ्यासारखेच पुण्याहून इथं परदेशात आलेले. "तू आपलं माणूस आहेस, तुझ्यावर सोपवलं की मी निर्धास्त," म्हणायचे, आणि मी मूर्खासारखी सुखावायचे. त्या सुखावण्याचा मला आजही राग येतो.

मग मला नागीण झाली. बरगडीखाली नुसती आग. कपडा लागला तरी जीव जायचा. डॉक्टरबाईंनी आठवड्याची रजा लिहून दिली, ताण कमी करा म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन.

"अगं, हात तर चालतायत ना? महिनाअखेरचं तेवढं घरून उरकून टाक."

मी उरकलं. लिहायला लाज वाटते, पण उरकलं.

रजेनंतर त्यांनी केबिनमध्ये बोलावून पगारवाढीचं पत्र पुढं सरकवलं. वाढ घसघशीत होती.

"सर, वाढ नको. मदतीला एक माणूस द्या."

"माणसाचं बजेट नाही."

"मग हे पैसे कुठून आले?"

ते हसले. "थकलीयस तू. चार दिवस बालीला जाऊन ये."

ते हसले नसते तर कदाचित मी पत्र घेतलं असतं. मी उठले, जागेवर आले आणि राजीनामा टाइप केला.

घरी नवरा म्हणाला, "इथं कायम राहायला मिळावं म्हणून पीआरचा अर्ज तुझ्या नोकरीवर केलाय. वर्षभर कळ काढ ना."

"कळच काढतेय!" मी कुर्ता वर करून चट्टे दाखवले. तो म्हणाला, "माझ्या नोकरीच्या पासवर राहू इथं. होईल काहीतरी."

अर्ज नामंजूर झाला. सेंगकांगचा महागडा कॉन्डो सोडून आम्ही क्लेमेंटीच्या जुन्या फ्लॅटमध्ये आलो. चार महिन्यांनी मला बऱ्याच कमी पगाराची नोकरी मिळाली. तिथं आजारी पडलं की फोन येत नाही.

पुढं जुन्या ऑफिसातली एकजण हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, भेटली. माझ्या जागी दोघांना घेतलं होतं.

"साहेब तुझी आठवण काढतात हं," ती म्हणाली.

"त्यांना सांग, काढू नका."

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरचे आजोबा नूडल्स खायचे थांबले.