कॅमेऱ्याची कुंची

कडाक्याच्या थंडीत आधी कोणाला जपायचं, माणसाला की कॅमेऱ्याला, तुम्हीच सांगा? अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या चौघांच्या ग्रुपचं उत्तर ठरलेलं आहे! आमचे हे, शेजारचे देवधर काका, इथेच जन्मलेली नर्स रिया आणि डबे भरणारी मी. दर हिवाळ्यात बर्फात फोटो काढायला जातो आणि फोटोंपेक्षा किस्सेच जास्त घेऊन येतो.

यंदा मात्र घाई होती. काका मुलाकडे, बर्फच न पडणाऱ्या शुगर लँडला कायमचे चालले होते आणि पांढऱ्या घुबडाचा फोटो अजून मिळाला नव्हता. "तिकडे काय, घामाचे फोटो काढू?" म्हणायचे. हे चिडवायचे, "लोकांना सकाळी घुबडाचं तोंड नको असतं, आणि काका गजर लावून उठतात!"

*

पहिली चूक माझीच. गारठलेला कॅमेरा बंद पिशवीतच घरात आणायचा आणि तास-दोन तास उघडायचा नाही, हे मला कुठलं माहीत! वाटलं, बिचारा गुदमरेल. पिशवीतून बाहेर काढला आणि चहा उकळत होता तिथे उबेला ठेवला. लेन्सवर पाणीच पाणी! काकांनी बघितलं, शांतपणे म्हणाले, "वृंदा, आता त्यालाही आल्याचा चहा दे. सर्दी झालीय."

*

मग मी शहाणी झाले. सगळ्यांना घरातल्या झिपवाल्या पिशव्या दिल्या. रियाच्या वाट्याला हळदीची आली. धुतली होती हो मी, पण कोपऱ्यात राहिलीच थोडी, आणि तीच लेन्सला लागली. पुढच्या रविवारचे तिचे सगळे फोटो पिवळे!

"मावशी, माय स्नो हॅज जॉन्डिस!"

*

थंडीत बॅटरी लगेच मान टाकते. म्हणून ह्यांनी जास्तीच्या बॅटऱ्या फडक्यात गुंडाळून माझ्या गरम पोळ्यांच्या डब्यात ठेवल्या. कल्पना झकास! पण शेतात ह्यांनी बॅटरी मागितली, तेव्हा जाड हातमोज्यांतून काकांनी ह्यांना तूपसाखर लावलेल्या पोळीची गुंडाळी दिली आणि स्वतः बॅटरीला दात लावला.

"वृंदा, आज पोळी जरा कडक झालीय गं!"

*

सोमवारी काकांचं विमान होतं. शनिवारी तासभर थांबल्यावर घुबड आलं, अगदी समोरच्या खांबावर! काकांनी बटण दाबलं. कॅमेरा बंद. स्टँडवर उघडा राहून पार गारठला होता. बधिर बोटांनी बॅटरी बदलेपर्यंत खांब रिकामा.

घरी येऊन काकांनी कॅमेरा पिशवीसकट कोपऱ्यात ठेवला. चहा निवून गेला. "जाऊ दे गं, सगळंच कुठे मिळतं," म्हणाले. मला बघवेना.

मला कॅमेऱ्यातलं फार कळत नाही, पण बाळांच्या कुंच्या ढीगभर शिवल्यात. जुनी मऊ साडी काढली, आत लोकरीचं अस्तर लावलं, हात शेकायच्या गरम पुड्यांसाठी दोन खिसे केले, समोर लेन्सपुरतं भोक ठेवलं आणि खाली नाडी. काकांच्या कॅमेऱ्याला घालून बघितली. अगदी बारशाचं बाळ!

"काजळाची तीट राहिली," हे म्हणाले.

मी लावली. कुंचीवर, लेन्सवर नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी घुबड त्याच खांबावर येऊन बसलं, काकांनी तीन फोटो काढले, कुंचीची नाडी नीट बांधली आणि कॅमेऱ्याला कडेवर घेऊन ते गाडीत बसले.